भटक्यांच्या ग्रुपसाठी स्वतःच्या सर्व्हरवरचं फोरम: कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

कातळकडा

नमस्कार मंडळी,

आमचा डोंगरभटक्यांचा ग्रुप याहू ग्रुप्सच्या काळापासूनचा आहे. याहूने डिसेंबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकला आणि डिसेंबर २०२० मध्ये मेलही बंद केले. त्याआधी काही जण ऑर्कुटवर जमले होते, ते ३० सप्टेंबर २०१४ ला संपलं. आता सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहोत.

तिथे गप्पा रंगतात, पण माहिती टिकत नाही. दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच, "हरिश्चंद्रगडावर पिण्याचं पाणी आहे का?" त्याचं उत्तर गेल्या वर्षी कोणीतरी फोटोसकट दिलेलं असतं. कोणतं टाकं आटतं, कुठलं पाणी गाळून चालतं, सगळं लिहिलेलं असतं. पण ते शोधायचं कुठे? तोवर सव्वाशे "शुभ सकाळ" वर चढलेले असतात. नळीच्या वाटेने किंवा साधले घाटाने चढून येणाऱ्याला वर पाणी आहे की नाही हे कळलं नाही, तर जिवावर बेततं. म्हणून हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

ग्रुपचं स्वतःचं फोरम काढायचं ठरवलंय. परक्याच्या घरात दोनदा राहून झालं, दोनदा सामान गमावलं. आता मजकूर आपल्या ताब्यात हवा. काही शे सदस्य, त्यातले रोज लिहिणारे थोडे. फोटो भरपूर, शिवाय जीपीएस ट्रॅकच्या जीपीएक्स फायली. लिखाण मराठीत. वर्गणीतून थोडे पैसे निघतील. तांत्रिक बाजू सध्या मी एकटा बघणार.

डिस्कोर्स, पीएचपीबीबी, फ्लारम, नोडबीबी एवढी नावं काढून ठेवली आहेत. ज्यांनी यातलं काही प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी कृपया लिहा.

चकमक

फेसबुक ग्रुप का नको? फुकट आहे, सगळे तिथे आहेतच.

कातळकडा

चकमक, शोधता येत नाही आणि बाहेर काढता येत नाही, ही दोन कारणं. शिवाय नव्याने भटकायला लागलेल्या मुलाने गुगलवर "साधले घाट" टाकलं तर आमचा धागा त्याला दिसायला हवा. बंद ग्रुपमधलं तसं दिसत नाही.

बे_एरियाकर

डोळे झाकून डिस्कोर्स घ्या.

इथल्या मराठी पालकांच्या गटासाठी मी ते बरीच वर्षं चालवतोय. २०१३ मध्ये जेफ अ‍ॅटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी ते आणलं. त्याआधीची फोरमं संगणकाच्या पडद्यासाठी बनलेली होती, हे फोनवर वाचणाऱ्या माणसाला धरून बांधलंय. धागा खाली सरकवत राहायचा, पानं उलटायची नाहीत. वाचता वाचता सोडलं तर पुढच्या वेळी तिथेच उघडतं. फोटो फोनवरून थेट चढतो आणि मोठा असेल तर चढतानाच आटोपशीर होतो.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी सांगतो. एक, मेलवरून उत्तर. धाग्यातला प्रतिसाद मेलवर येतो, त्याला मेलनेच उत्तर द्यायचं, ते धाग्यात दिसतं. याहू ग्रुप्सवर वाढलेल्या मंडळींना यात काही नवं शिकावं लागत नाही. त्यासाठी येणारी मेल घेणारा एक पत्ता मात्र जोडावा लागतो. दोन, विश्वासाच्या पायऱ्या. नवा सदस्य शून्यावर असतो, त्याला फार लिंका आणि फोटो टाकता येत नाहीत. वाचत, लिहीत गेला की आपोआप वर सरकतो. स्पॅमवाल्यांचा अर्धा त्रास इथेच मिटतो, मॉडरेटरला दिवसभर राखण करत बसावं लागत नाही.

खर्च म्हणाल तर एक व्हीपीएस, म्हणजे भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर. किमान १ जीबी रॅमवर स्वॅप (डिस्कचा रॅमसारखा वापर) लावून चालतं, पण २ जीबी धरून चाला. बंगळुरू किंवा मुंबईतला सर्व्हर महिना हजार-बाराशे रुपयांत मिळतो.

नीलांबरी

कातळकडा, सॉफ्टवेअरआधी एक प्रश्न विचारते. तुम्ही "सध्या मी एकटा बघणार" असं लिहिलंत. तुम्ही पंधरा दिवस हिमालयात गेलात आणि तेव्हा सर्व्हर पडला, तर तो कोण उठवणार? या प्रश्नाचं उत्तर काय येतं त्यावर तुमची निवड ठरेल. डिस्कोर्स चांगलं की पीएचपीबीबी, हे त्यानंतर.

माझं रोजचं काम सर्व्हर सांभाळण्याचं आहे. बंद पडलेली फोरमं मी पुष्कळ पाहिली आहेत. सॉफ्टवेअर वाईट म्हणून बंद पडलेलं त्यात क्वचितच एखादं. बहुतेकांची कहाणी एकच असते: सगळे पासवर्ड एकाकडे, त्याची नोकरी बदलते किंवा लग्न होतं किंवा तो कंटाळतो, अपडेट थांबतात, एक दिवस डोमेनची मुदत संपते. उरलेल्यांना डोमेन कोणाच्या नावावर आहे हेही ठाऊक नसतं.

अपडेट थांबले की काय होतं याचं जुनं उदाहरण आहे. डिसेंबर २००४ मध्ये सँटी नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, आला. पीएचपीबीबीच्या जुन्या आवृत्तीतली एक फट त्याला माहीत होती आणि ती आवृत्ती वापरणारी फोरमं तो चक्क गुगलवर शोधून काढायचा. हजारो फोरमं त्याने पुसून टाकली. दुरुस्त केलेली आवृत्ती तेव्हा उपलब्ध होती, लोकांनी ती चढवलेली नव्हती.

आता दोन्हींचा स्वभाव सांगते.

पीएचपीबीबी २००० सालचं आहे. पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, म्हणजे कुठल्याही साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) बसतं. सीपॅनलमधून (होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरून) फायली चढवा, डेटाबेस बनवा, झालं. रूट अ‍ॅक्सेस लागत नाही, डॉकर (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात चालवणारं साधन) लागत नाही. सर्व्हरची डागडुजी होस्टिंगवाला बघतो, तुम्ही फक्त फोरम अपडेट करायचं. ज्याने कधी वर्डप्रेस सांभाळलंय तो हे सांभाळू शकतो, आणि असा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतो. दिसायला जुनाट आहे हे मान्य, पण ३.१ पासून मूळ थीम फोनवर नीट बसते.

डिस्कोर्स म्हणजे रूबी ऑन रेल्स, पोस्टग्रेस हा डेटाबेस, रेडिस, हे सगळं डॉकरच्या डब्यात. शेअर्ड होस्टिंगवर चालत नाही. चालू असतं तेव्हा अपडेट अ‍ॅडमिनच्या पानावरून एका बटणाने होतो. पण मधूनमधून अख्खा डबा नव्याने बांधावा लागतो, तो कमांड लाइनवरून. तेव्हा डिस्क भरलेली असेल किंवा रॅम अपुरी पडली तर बांधणी अर्ध्यात थांबते आणि फोरम खाली जातं. कमांड लाइनला न घाबरणारी दोन माणसं असतील तरच डिस्कोर्स घ्या. एकच असेल तर पीएचपीबीबी.

बॅकअपबद्दल. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचं दोन्ही गेलं. तेव्हा बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या गावात. डिस्कोर्स डेटाबेस आणि फोटो एकाच फाईलमध्ये बांधून देतं आणि ती आपोआप बाहेर पाठवतं, ही त्याची फार मोठी सोय. पीएचपीबीबीत फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि तेही मूळ नावाने नसतात. "कोकणकडा" नावाचा फोटो तिथे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ होऊन पडलेला असतो, एक्स्टेन्शनसुद्धा नसतं. खरं नाव फक्त डेटाबेसमध्ये. डेटाबेस गेला की ते फोल्डर म्हणजे निनावी फायलींचा ढीग. दोन्ही एकाच वेळी उचलायला हवेत.

आणि बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं नाही. तो एकदा रिकाम्या सर्व्हरवर चढवून बघा. चढला तरच तो बॅकअप.

चकमक

हे वाचून विचारात पडलो. मायबोली, मिसळपाव ही मराठी संस्थळं ड्रुपलवर (साइट बांधायचं सॉफ्टवेअर) आहेत ना? आपण पण तेच का घेऊ नये? मराठीसाठी तावून सुलाखून निघालेलं आहे.

नीलांबरी

ड्रुपलवरची आहेत, बरोबर. मायबोली १९९६ पासूनची, मिसळपाव २००७ चं. लेख, कविता, पाककृती, त्यावर प्रतिसाद, दिवाळी अंक, असा सगळा संसार असेल तर ड्रुपल शोभतं. तुम्हाला फक्त चर्चा हवी आहे. शिवाय ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला आणि ७ वरून पुढे जाणं म्हणजे साधा अपडेट नसतो, नवं घर बांधून सामान हलवावं लागतं. एवढं मनुष्यबळ तुमच्याकडे दिसत नाही.

तुमच्या यादीतल्या आणि यादीबाहेरच्या बाकी सॉफ्टवेअरांबद्दल थोडक्यात. फ्लारम देखणं आणि हलकं, २०२१ मध्ये १.० आलं, पण बऱ्याच साध्या गोष्टींना एक्स्टेन्शन लागतं आणि ती बनवणारे हौशी लोक असतात, त्यांनी सोडलं की अपडेट अडकतो. नोडबीबी चांगलं आहे, पण नोड आणि मोंगोडीबीसारखा डेटाबेस जाणणारा माणूस हवा. एसएमएफ पीएचपीबीबीसारखंच. झेनफोरो उत्तम, पण लायसन्स विकत घ्यावं लागतं आणि पुढचे अपडेट हवे असतील तर नूतनीकरणाचे पैसे.

भोरकर

मी यातलं तांत्रिक काही जाणत नाही, पण वयाची साठी ओलांडलेला भटक्या म्हणून लिहितो, कारण असे सदस्य तुमच्याकडेही असणार.

आम्हाला तीन गोष्टी लागतात. अक्षर मोठं दिसावं. पासवर्ड विसरलो तर परत मिळवताना मेल खरोखर यावा. आणि मी लिहिलेलं मला सापडावं. मी राजगड, तोरणा, रायरेश्वर या भागातल्या वाटांवर खूप लिहिलंय. कुठे पाणी, कुठल्या वाडीत कोणाकडे जेवायची सोय. त्यातलं बरंचसं याहूबरोबर गेलं. त्यातली काही माणसं आता नाहीत, त्यांच्याकडून पुन्हा विचारून घेता येणार नाही. तेव्हा सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण ते पुन्हा हरवणार नाही एवढं बघा. वर्गणी दुप्पट केलीत तरी मी देईन.

बे_एरियाकर

भोरकरकाका, मेल येण्याचा मुद्दा तुम्ही अगदी बरोबर काढलात.

कातळकडा, व्हीपीएसवरून थेट मेल पाठवायच्या भानगडीत पडू नका. बरेच होस्टिंगवाले त्यासाठीचं २५ नंबरचं पोर्ट बंदच ठेवतात, आणि उघडलं तरी मेल स्पॅममध्ये जातात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू दोघांनीही पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केलेत. अ‍ॅमेझॉन एसईएस किंवा तसली मेल पाठवणारी सेवा घ्या, डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी करा, मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे त्यांवरून पटतं. डिस्कोर्समध्ये तर मेल चालल्याशिवाय नेहमीच्या पद्धतीने पहिला अ‍ॅडमिनसुद्धा नोंदवता येत नाही.

ओवी

मी दोन्ही सॉफ्टवेअरं मराठी मजकूर भरून चाचणीसाठी लावून बघितली आहेत. इथे कोणी बोललं नाही म्हणून शोधाबद्दल लिहिते. कातळकडांचं सगळं दुखणं शोधण्याचंच आहे.

"पाणी" शोधलंत तर "पाणी" सापडेल. "पाण्याचं टाकं", "पाण्यात शेवाळ", "पाण्यावाचून हाल" हे सापडणार नाही. डिस्कोर्स शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवतं, म्हणून "गड" टाकलं की "गडावर", "गडाचा" येतं, "घाट" टाकलं की "घाटात" येतं. पण "पाणी"चं "पाण्या" होताना शेवटची वेलांटी जाते आणि तिथेच जुळणी तुटते. इंग्रजीला मूळ शब्द ओळखणारी सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. १४ व्या आवृत्तीपासून हिंदीलाही आली, नेपाळी त्याआधीच होती. मराठीला नाही. पीएचपीबीबीतही मराठीचं सामान्यरूप ओळखणारं काही नाही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. "पायऱ्या" आणि "पायर्‍या". दोन्ही वाचायला सारखेच. पहिल्यात "ऱ" हे स्वतंत्र अक्षर आहे, आजचे फोनचे कीबोर्ड बहुधा तेच देतात. दुसऱ्यात साधा "र", हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, जुन्या टंकन-साधनांतून आलेलं. संगणकाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. हरिहरच्या पायऱ्यांवर कोणी २०१० मध्ये लिहिलं असेल तर आज फोनवरून शोधणाऱ्याला ते मिळणार नाही. जुना मजकूर आत घेतानाच सगळीकडे एकच रूप करून घ्यावं, ते साध्या शोधा-बदला स्क्रिप्टने होतं. नंतर फार जड जातं.

पाण्याच्या अडचणीवर तोडगा म्हणजे टॅग. प्रत्येक धाग्याला किल्ल्याचं नाव, "पाणी", "वाट", "मुक्काम" असे ठरलेले टॅग. डिस्कोर्समध्ये टॅगला समानार्थी जोडता येतात, म्हणजे कोणी "टाकं" लिहिलं तरी ते "पाणी"खाली जमा होतं. एवढ्या एका गोष्टीसाठी माझं मत डिस्कोर्सला.

त्याची काही मूळ सेटिंगं मात्र मराठीला सोयीची नाहीत, ती आधी बदला. शीर्षक मराठीत असलं की धाग्याच्या पत्त्यात त्या जागी नुसतं "टॉपिक" येतं, कारण मूळ सेटिंग फक्त रोमन अक्षरं धरतं. सदस्यनाम देवनागरीत घेण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. प्रतिसाद किमान २० अक्षरांचा हवा अशी अट असते. "धन्यवाद" सातच भरतात, ते अडवलं जातं आणि नवा माणूस गोंधळतो. बटणांवरचा मजकूर अ‍ॅडमिनला स्वतः बदलता येतो, तेव्हा "रिप्लाय"च्या जागी "प्रतिसाद" करायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि जीपीएक्स फाईल चालणाऱ्या प्रकारांच्या यादीत घाला, नाहीतर चढणार नाही.

मायएसक्यूएलवर काही लावलंत तर डेटाबेस यूटीएफ८एमबी४ (अक्षरं साठवायचा चार बाइटांचा प्रकार) आहे ना एवढं बघा. जुन्या तीन बाइटांच्या प्रकारात देवनागरी बसते, म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि मग कोणीतरी इमोजी टाकतं आणि पोस्ट तिथेच तुटते किंवा एरर येतो.

कातळकडा

ओवी, पायऱ्यांचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार. सगळा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला.

नीलांबरी, समजा मी आत्ता पीएचपीबीबी लावलं आणि दुसरा माणूस तयार झाला की डिस्कोर्सवर गेलो तर?

नीलांबरी

चालेल, आणि मी तेच सुचवणार होते. पीएचपीबीबीचा मजकूर आत घेणारी स्क्रिप्ट डिस्कोर्सबरोबरच येते. सदस्य, धागे, फोटो सगळं येतं. उलट दिशेला, डिस्कोर्सवरून पीएचपीबीबीकडे, अशी तयार वाट नाही. ज्या दाराने पुढे जाता येतं तिथून सुरुवात करावी.

बे_एरियाकर

इथे मी असहमत. स्थलांतर कागदावर सोपं दिसतं. जुन्या लिंका तुटतात. त्या वळवता येतात, पण कोणीतरी बसून करावं लागतं. लोकांना एकदा नव्या जागेची सवय लावायला जीव काढावा लागतो, दोन वर्षांत दुसऱ्यांदा सांगितलंत तर निम्मे येणारच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप सोडून त्यांना आणायची संधी एकदाच मिळते, आणि फोनवर पहिल्या दिवशी जे दिसेल त्यावर ते राहायचं की नाही ठरवतील. दुसरा माणूस शोधायला दोन महिने लागले तर थांबा, पण एकदाच हलवा.

नीलांबरी

लोकांच्या सवयीचा मुद्दा पटला. माझी अट एवढीच की दुसरा माणूस आधी, फोरम नंतर.

ओवी

एक राहिलं. ट्रेकच्या नोंदणीत रक्तगट, घरचा नंबर, दम्याचा त्रास असं सगळं घेतलं जातं. ते फोरमच्या प्रोफाइलमध्ये अजिबात ठेवू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यात पालकांची संमती लागते. जे साठवलं नाही ते फुटत नाही. आणि २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, ते पहिल्या दिवसापासून द्या. छोट्या फोरमला कोण विचारतंय असं म्हणू नका; कोणी एखाद्या पोस्टवर नोटीस पाठवली तर तेव्हा धावपळ होते.

फोटोंमधली जागेची माहिती डिस्कोर्स मूळ सेटिंगमध्येच काढून टाकतं. ते तसंच राहू द्या. गिधाडांच्या घरट्यांचे फोटो टाकणारे असतात, त्या जागा जगजाहीर व्हायला नकोत.

कातळकडा

ग्रुपमध्ये बैठक झाली. काय ठरलं ते लिहितो.

डिस्कोर्स घेतोय. नाशिकच्या आमच्या एका सदस्या ऑफिसात लिनक्स सर्व्हर बघतात, त्या दुसऱ्या अ‍ॅडमिन व्हायला तयार झाल्या. नीलांबरींच्या सांगण्यावरून अट अशी घातली की आधी मी एक चाचणी फोरम उभं करून त्याचा बॅकअप बाहेर ठेवणार, आणि त्या माझी काहीही मदत न घेता रिकाम्या सर्व्हरवर तो चढवणार. ते जमेपर्यंत कोणालाही आमंत्रण जाणार नाही. डोमेन दहा वर्षांसाठी घेतोय आणि त्याचं खातं ग्रुपच्या मेलवर असेल, माझ्या नाही. पासवर्ड तिघांकडे: आम्ही दोघं आणि खजिनदार. सर्व्हरचे पैसे वर्षभराचे वेगळे काढून ठेवले आहेत.

टॅगांची यादी ओवींच्या पद्धतीने बनवतोय. किल्ला, घाटवाट, पाणी, मुक्काम, धोका. पाण्याच्या धाग्यात शीर्षकातच महिना लिहायचा, म्हणजे "रतनगड, पाणी, एप्रिल" असं. उत्तराखाली कुठल्या वर्षीचं हेही.

भोरकरकाका, तुमच्या लिखाणाबद्दल. याहू ग्रुप्सचे मेल ज्यांच्या जीमेलमध्ये किंवा जुन्या आउटलुकमध्ये पडून आहेत, त्यांच्याकडून ते एमबॉक्स फाईलमध्ये (सगळे मेल एकत्र ठेवणारी फाईल) काढून डिस्कोर्समध्ये आत घेता येतात, त्याचीही स्क्रिप्ट आहे. मी माझे काढून बघितले. बरेचसे मेल रोमनमध्ये आहेत, "टाके" कधी "taake" तर कधी "take" असं काहीही लिहिलेलं, त्यामुळे त्यांना टॅग हातानेच लावावे लागतील. आम्ही चार-पाच जण गड वाटून घेऊन ते करणार आहोत. राजगड-तोरण्याकडचे तुम्ही बघाल का?

आणि इथे वाचणाऱ्या कोणाकडे २०१९ च्या आधीचे आमच्या ग्रुपचे मेल असतील, विशेषतः अटॅचमेंटसकट, तर मला कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अर्धवट असले तरी चालतील, एकाकडचं तुटलेलं दुसऱ्याकडे सापडतंय.

भोरकर

हो, बघतो. माझ्या जुन्या संगणकात आउटलुक आहे, तो पुतण्याकडून चालू करून घेतो आणि फाईल पाठवतो. रायरेश्वर आणि केंजळगडही माझ्याकडे टाका.